हात किती वर जातो?

पप्पांची बदली ग्वाल्हेरला झाली तेव्हा मम्मीला एकच काळजी होती, तिकडे मराठीत बोलायला कोण मिळणार? आम्ही मूळचे वसईचे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिंद्यांच्या काळापासून मराठी घरं आहेत, हे आम्हाला तिथे गेल्यावरच कळलं. इंदरगंजमध्ये आम्ही भाड्यानं राहतो, ते घरही एका मराठी आजींचंच. त्यांच्या मराठीत अर्धी हिंदी असते, पण दिवाळीत गॅलरीत आकाशकंदील लागतोच. तो लावायचं काम पहिल्या वर्षीपासून पप्पांकडे आलं, कारण पप्पा उंच. स्टूल न घेता त्यांचा हात वरच्या हुकापर्यंत पोचायचा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तर कंदील आजींच्या दिवाणावर तसाच पडलेला.

"तुझे पप्पा म्हणाले, मुलगी येते आहे, तीच लावेल," आजी म्हणाल्या. "तू म्हणे कसरत करतेस आता. तुझे खांदे त्यांच्यापेक्षा मजबूत झालेत."

मी एकदम खूश. स्टूलावर चढले, कंदील लावला. पप्पा खाली वायर धरून उभे होते. डाव्या हातानं. पप्पा डावरे नाहीत. पण त्या क्षणी मला माझ्या खांद्यांचं कौतुक ऐकायचं होतं, त्यामुळे त्यांच्या खांद्याकडे लक्ष गेलं नाही.

माझ्या खांद्यांची गोष्ट आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

ग्वाल्हेर हे तसं व्यायामाची कदर असलेलं गाव. 1857 च्या उठावाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1957 मध्ये, राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं इथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय निघालं. राणी ज्या गावात लढताना पडल्या, त्याच गावात. त्यांची समाधी फूलबागेत आहे. ते महाविद्यालय आज लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था म्हणून ओळखलं जातं. अशा गावात शोल्डर प्रेससारख्या साध्या व्यायामाबद्दल तरी एकमत असेल असं वाटतं ना? तसं नसतं. कुठल्याच गावात नसतं.

पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घराजवळच्या एका जिममध्ये महिनाभर गेले. दुकानांच्या वर, अरुंद जिन्यानं चढून जायचं. शोल्डर प्रेस म्हणजे वजन खांद्याच्या पातळीवर धरायचं आणि सरळ डोक्यावर ढकलायचं. इतकंच. तिथल्या ट्रेनर भैय्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला, "दीदी, कोहनी नब्बे डिग्री से नीचे नहीं. कंधा उतर जाएगा." म्हणजे कोपर खांद्याच्या रेषेत आलं की थांबायचं, तिथूनच परत वर ढकलायचं. मी पाळला नियम. आणि अर्ध्या अंतरात वजन भराभर वाढतं. महिन्याअखेर मी 30 किलो ढकलत होते. त्याचा व्हिडिओ मी किती जणींना पाठवला ते विचारू नका.

मग कॉलेज सुरू झालं. इथल्या जिममधल्या एका सीनियरनं माझा सेट बघितला आणि म्हणाली, "हे अर्धंच आहे. रॉड कॉलरबोनपाशी आला पाहिजे आणि वर कोपरं पूर्ण सरळ." तिच्या पद्धतीनं 30 किलो एकदाही गेलं नाही. सगळ्या प्लेट्स काढून नुसता 20 किलोचा रॉड घेतला, तो तीनदा गेला. चौथ्यांदा नाकासमोरच अडकला. मी आठवडाभर जिमकडे फिरकले नाही.

मग पटलं. इतकं पटलं की मी दुसऱ्या टोकाला गेले. 'फुल रेंज' हा माझा मंत्र झाला. दिसेल त्याला सांगायचं, हात पूर्ण वर गेलाच पाहिजे, वापरलं नाही की जातं. दोन महिन्यांत माझा रॉड कॉलरबोनपासून थेट डोक्यावर जायला लागला, आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलोच्या प्लेट्सही चढल्या. नवीन नवीन काही पटलेल्या माणसाइतकं दुसऱ्याला छळणारं कोणी नसतं.

त्याच सुट्टीतला रविवार. ग्वाल्हेरला मिस्सा हिंदीत असते. त्या दिवशी पहिलं वाचन निर्गमच्या पुस्तकातलं होतं, अमालेकाशी झालेल्या लढाईचं. यहोशवा खाली मैदानात लढतोय आणि मोशे टेकडीवर हात वर करून उभा आहे. हात वर असेपर्यंत इस्राएलची सरशी, हात खाली आले की अमालेकाची. हे वाचन मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण या वेळी मनात पहिला विचार आला तो असा: दिवसभर? वजन न घेतासुद्धा हात डोक्यावर दोन मिनिटं धरून बघा. जिमला जायला लागल्यापासून बायबल जरा वेगळं वाचलं जातं.

पुढे प्रभूची प्रार्थना आली. आमच्याकडे बहुतेक जण तेव्हा दोन्ही हात उंचावतात. पप्पांचा डावा हात वर होता. उजवा कोपरात दुमडून पोटाशी.

घरी आल्यावर मी विचारलं. "काही नाही, जरा अवघडलाय," पप्पा म्हणाले. मग मम्मी बोलायला लागली. चार-पाच महिने झाले. शर्ट घालताना आधी उजवी बाही. भांग डाव्या हातानं. रात्री उजव्या कुशीवर झोप नाही. स्वयंपाकघरातले वरच्या फळीवरचे डबे हळूहळू खाली आले होते, बॅग कपाटावरून पलंगाखाली गेली होती, टॉवेल वरच्या दोरीऐवजी खुर्चीवर वाळत होता. हात वर जात नव्हता म्हणून त्यांनी घरच खाली आणलं होतं. आणि मला सांगायचं नाही, परीक्षा आहे, असं ठरलं होतं.

आता मला कळतं की तिथे थांबायला हवं होतं. पण माझ्याकडे मंत्र होता. मी पप्पांना भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि म्हटलं, "पप्पा, तू हात वापरत नाहीस म्हणून तो आखडलाय. फुल रेंज पाहिजे. मी धरते, तू सोड." मनगट धरून हात वर न्यायला लागले. खांद्याच्या जरा वर गेल्यावर तो थांबला. मला वाटलं, घाबरतोय. मी जोर लावला.

पप्पांच्या तोंडून जो आवाज आला, तसा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. ते भिंतीला घसरत खाली बसले. चेहरा पांढरा. मम्मी धावत आली. पप्पा नुसतं "काही नाही, काही नाही" म्हणत होते, मला उद्देशून. त्या रात्री ते गॅलरीत फेऱ्या मारत होते. मी लावलेल्या कंदिलाखाली. मी आतून पावलं मोजत पडून होते, पण उठून बाहेर जायचं धाडस झालं नाही.

दिवाळीनंतर डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रेमध्ये हाड ठीक होतं. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या बाई हिंदीत बोलल्या, मी मराठीत लिहिते.

त्यांच्याकडे शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं, पण दोन लांब पट्ट्या असलेलं एक साधन होतं. त्यांनी पप्पांना स्वतःहून हात वर करायला सांगितलं: 85 अंश. मग त्यांनी आपल्या हातानं, अगदी हळू, उचलून बघितला: 90. "बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. "स्नायू फाटला असता तर यांना उचलता आला नसता, पण मला उचलता आला असता. इथे दोघांनाही येत नाही. म्हणजे सांध्याभोवतीचं आवरणच जाड होऊन आक्रसलंय." मग कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगितला. तो जवळजवळ वळलाच नाही. फ्रोझन शोल्डर.

हे नाव 1934 साली कॉडमन या बॉस्टनच्या सर्जननं दिलं. जपानी भाषेत याला 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात. चाळिशी ते साठी या वयात जास्त होतं, आणि मधुमेह असेल तर शक्यता आणखी वाढते. पप्पांना आठ वर्षं शुगर आहे. आधी दुखण्याचा काळ, मग आखडण्याचा, मग हळूहळू सुटण्याचा. सगळं मिळून एक ते तीन वर्षंही लागू शकतात. म्हणजे पप्पांचा हात वापरला नाही म्हणून आखडला नव्हता. आखडला होता म्हणून वापरता येत नव्हता. मी कारण आणि परिणाम उलटे धरले होते.

मी काय केलं होतं ते मी सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू जिम करतेस ना? ये, उभी राहा."

मी ऐटीत दोन्ही हात सरळ वर नेले, कानांना चिकटवून. 180. त्या म्हणाल्या, "आता भिंतीला पाठ लाव. कंबर भिंतीपासून सुटू द्यायची नाही. आता कर." हात दीडशेच्या आसपास गेले आणि थांबले. पुढे न्यायचे तर कंबर सुटत होती, बरगड्या पुढे येत होत्या. म्हणजे माझ्या फुल रेंजमधले शेवटचे तीस अंश खांद्याचे नव्हतेच. ते कमरेकडून उसने घेतलेले होते.

त्यांनी मग जे समजावलं ते आपल्यातल्या जिमला जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

हात वर जातो तेव्हा नुसता खांद्याचा उखळीचा सांधा हलत नाही. पाठीवरचं त्रिकोणी हाड, म्हणजे खांद्याचं पातं, तेही वर फिरतं. ढोबळमानानं दोनास एक असं ते प्रमाण: 180 अंशांतले साधारण 120 सांध्याचे, 60 पात्याचे. 1944 मध्ये इनमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. माणसागणिक यात फरक पडतो, पण दोघांनी मिळून चालायचं हे खरं. शेवटचा थोडा भाग पाठीच्या वरच्या मणक्यांचा. खुर्चीत पोक काढून बसा आणि हात वर करा. आता ताठ बसून करा. फरक लगेच कळेल. आपण साहित्याची मुलं दिवसभर पुस्तकावर किंवा फोनवर वाकलेली असतो. मग संध्याकाळी जिममध्ये जाऊन रॉड वर जात नाही म्हणून खांद्याला दोष देतो.

मग योग्य रेंज कुठली? नव्वद की पूर्ण?

नव्वदचा नियम निरोगी खांद्याला लागू करायची गरज नाही. रॉड छातीच्या वर, कॉलरबोनपाशी असतो तेव्हा दंड जवळजवळ शरीरालगत खाली असतो. खांद्यासाठी ही काही अवघड जागा नाही. माळ्यावर डबा चढवताना आपण सुरुवात तिथूनच करतो. खालच्या अर्ध्या भागात खांद्याच्या पुढच्या स्नायूला भरपूर काम पडतं, वर जाताना दंडाच्या मागच्या स्नायूचा वाटा वाढतो. मध्येच थांबलं तर त्यातलं बरंच काम सुटतं आणि वजन मात्र जास्त दिसतं. मानेच्या मागे रॉड उतरवणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी हात बाहेर खूप वळावा लागतो आणि तेवढं वळण सगळ्यांकडे नसतं.

पण 'पूर्ण' म्हणजेसुद्धा सगळ्यांना एकच माप नाही. खाली: हाताचा पुढचा भाग उभा, कोपरं रॉडच्या किंचित पुढे, अगदी बाजूला फाकलेली नाहीत. तिथे रॉड कॉलरबोनला टेकला तर उत्तम. कोणाच्या हाताच्या लांबीमुळे तो हनुवटीपाशी थांबतो, तेही चालतं. वर: डोकं जरा मागे घेऊन रॉडला वाट द्यायची, रॉड कपाळावरून गेला की डोकं परत जागेवर. कोपरं सरळ, रॉड पायांच्या बरोबर वर, खांदे कानांकडे उचललेले. तिथे खांदे मुद्दाम खाली दाबून धरायचे नाहीत, कारण पात्याला वर फिरायचं असतं. आणि हे सगळं बरगड्या पुढे न काढता. जिथे कंबर वाकायला लागते, तिथे तुमची आजची रेंज संपली. जिथे कळ येते, तिथेही संपली. कळ रोजच येत असेल तर सीनियरला नाही, डॉक्टरला विचारायचं.

कमरेकडून उसनं घेण्याची ही खोड फक्त माझी नाही, हे नंतर वाचताना कळलं. ऑलिम्पिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये पूर्वी प्रेस हा प्रकार होता. 1928 पासून तीनच प्रकार: प्रेस, स्नॅच, क्लीन अँड जर्क. प्रेसमध्ये सरळ उभं राहून केवळ हाताखांद्यांच्या जोरावर वजन वर न्यायचं. पण वजनं वाढत गेली तसे लिफ्टर मागे वाकत गेले, इतके की उभ्याउभ्या छातीच्या जोरावर ढकलल्यासारखं व्हायला लागलं. किती वाकणं चालेल यावर पंचांचं एकमत होईना. शेवटी 1972 च्या म्युनिकनंतर तो प्रकारच काढून टाकला. आता जर्कमध्ये वजन वर जाताना पायांचा जोर लागतो, तरी शेवटी कोपरं सरळ करून ते डोक्यावर स्थिर धरावंच लागतं. मीराबाई चानूनं टोकियोत 115 किलो तसं धरलं. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरचं बर्मिंगहॅमला, 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, 139 किलोच्या प्रयत्नात कोपर दुखावलं आणि एका किलोनं सुवर्ण हुकलं. डोक्यावरचं वजन हे असं असतं.

पप्पांसाठी बाईंनी दिलेले व्यायाम बघून मी आधी मनात हसले होते. टेबलाला धरून वाकायचं आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं वाईट हाताला मदत करायची. आणि भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, मुंगीसारखी. "ओढ जाणवली पाहिजे, कळ नाही," बाई म्हणाल्या. "जिथे पोचाल तिथे पेन्सिलनं रेघ मारा. दुसऱ्या कोणी हात ओढायचा नाही." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

भिंत आजींची. रेघा मारू का विचारलं तर म्हणाल्या, "मार बेटा. याच भिंतीवर माझ्या मुलांच्या उंचीच्या रेघा होत्या, रंगाखाली गेल्या."

पहिली रेघ पप्पांच्या खांद्याच्या जरा वर. मी शेजारी उभी. हात धरायचा नाही, हे ठरलेलं. पण पप्पा दमले की हात एकदम खाली पडायचा आणि तेव्हाच जास्त दुखायचं. म्हणून मी त्यांच्या कोपराखाली माझा तळहात ठेवायला लागले. ढकलायला नाही, नुसता खाली. ते करताना एकदम रविवारचं वाचन आठवलं. मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला दगड दिला आणि दोघं दोन बाजूंनी उभे राहिले. गोष्टीत कुठेही असं नाही की त्यांनी हात आणखी वर ओढले. ते होते तिथे त्यांनी धरून ठेवले.

"पप्पा, सॉरी," मी म्हटलं. त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच.

"तू जोर लावलास म्हणून डॉक्टरकडे तरी गेलो," ते म्हणाले. मग, "पण परत नको लावूस."

नाताळला घरी गेले तेव्हा भिंतीवर सात रेघा होत्या. सगळ्या चढत्या नव्हत्या. नोव्हेंबरमधल्या दोन तर आधीच्या रेघेच्या खाली होत्या, थंडी वाढली तेव्हाच्या. सगळ्यात वरची पप्पांच्या डोळ्यांच्या पातळीला. वरच्या फळीवर अजून काही नव्हतं, पण टॉवेल दोरीवर गेला होता.

मीही माझी भिंत शोधली आहे, हॉस्टेलच्या खोलीत, दाराच्या मागे. दीडशेचे एकशे साठ झाले असावेत. जिममध्ये प्लेट्स काढून टाकल्या आहेत. नुसता रॉड, आठ वेळा, कंबर न वाकवता. व्हिडिओ काढण्यासारखं त्यात काही नाही.

या वेळी गॅलरीत नाताळचा तारा लावायचा होता, कंदिलाच्याच हुकाला. मी स्टूलावर चढले. पप्पांनी खालून वायर दिली. उजव्या हातानं. कानापर्यंत आला हात आणि थांबला. मी वाकून वायर घेतली.